भाड्याची वही आणि अंगणातली बाग

लंडनच्या मेरिलबोन भागात गार्बट प्लेस नावाची एक छोटी गल्ली आहे. हमरस्त्याने जाणाऱ्याच्या सहसा लक्षातही येऊ नये, इतकी ती आडबाजूला आहे. गल्लीतील दोन क्रमांकाच्या घरावर एक निळी गोल पाटी लावलेली आहे. गरिबांच्या घरांची स्थिती सुधारण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या ऑक्टाव्हिया हिल यांनी आपल्या कामाचा पाया येथे घातला, अशा आशयाचा मजकूर तीवर आहे. १८६५ साली या गल्लीचे नाव पॅरडाइज प्लेस होते. स्वर्ग म्हणवणाऱ्या त्या जागी तुंबलेल्या मोऱ्या, गळकी पाण्याची पिंपे, ओलीने काळवंडलेल्या भिंती आणि एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे होती. नाव ठेवणाऱ्याने थट्टा केली नसेल, काळाने मात्र केली.

आपल्याकडे नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत हिरवाईचे वर्णन पानभर असते. कचऱ्यापासून खत, पावसाचे पाणी जिरवणे, गच्चीवरील बाग हे विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत निघतात आणि बहुतेक वेळा इतिवृत्तातच राहतात. पर्यावरणाला धरून राहण्याची सवय रहिवाशांना कोणी लावायची, हा प्रश्न तिथेच अडतो. घरांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने मनावर घेतले, तर राहणारे आणि राहण्याची जागा दोन्ही पालटू शकतात, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका अविवाहित, निर्धन आणि कोणतीही पदवी नसलेल्या बाईने करून दाखवले. त्यासाठी तिच्याजवळ साधने होती ती भाड्याची वही, पावतीपुस्तक आणि दर आठवड्याला न चुकता दार ठोठावण्याची चिकाटी.

ऑक्टाव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी केंब्रिजशायरमधील विझबीच या गावी झाला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी. रॉबर्ट ओवेन यांच्या सहकारवादी विचारांचे ते कट्टर अनुयायी होते. आठवी मुलगी म्हणून हिचे नाव लॅटिनमधील आठव्या अंकावरून ऑक्टाव्हिया ठेवले गेले. १८४० मध्ये वडिलांचे दिवाळे निघाले आणि त्या धक्क्यातून ते मनाने पुन्हा कधी सावरले नाहीत. संसाराचा भार आई कॅरोलाइन यांच्यावर पडला. शिक्षणावर लेखन करणाऱ्या, स्वतंत्र बुद्धीच्या या बाईंना त्यांच्या वडिलांनी आधार दिला. हे आजोबा, डॉ. थॉमस साउथवुड स्मिथ, लंडनच्या ताप रुग्णालयातील डॉक्टर होते. गलिच्छ वस्ती, घाण पाणी आणि साथीचे रोग यांचा संबंध सरकारच्या गळी उतरवण्यासाठी झटलेल्या पहिल्या पिढीतील ते एक. नातीच्या कानावर लहानपणापासून गोष्टी पडल्या त्या राजाराणीच्या कमी आणि गटारांच्या अधिक.

बालपण मात्र मोकळ्या हवेत गेले. फिंचली हे तेव्हा लंडनबाहेरचे खेडे होते. तिथल्या छोट्या घराभोवती शेते, ओढे, झाडे होती आणि बहिणी दिवसभर बाहेरच असत. १८५२ मध्ये आईला लंडनमध्ये स्त्रियांच्या एका सहकारी संस्थेत व्यवस्थापिकेची नोकरी मिळाली आणि कुटुंब शहरात आले. चौदा वर्षांच्या ऑक्टाव्हियाकडे तेथील एका कामाची जबाबदारी आली. अत्यंत गरीब घरांतील मुलामुलींकडून बाहुलीघरांचे चिमुकले सामान तयार करून घ्यायचे, हिशेब ठेवायचे, माल वेळेवर पोचवायचा. या मुलांपैकी कोणी कामावर आले नाही, की ती चौकशीला घरी जाई. शहरातील गरिबांच्या खोल्यांचे दर्शन तिला झाले ते असे. फिंचलीचे आकाश पाहिलेल्या मुलीला तळघरातल्या त्या अंधाराची शिसारी आली असती तर नवल नव्हते. तिला मात्र तेथील माणसांपेक्षा त्या जागांचा राग आला आणि हा राग पुढे साठ वर्षे टिकला.

याच काळात कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्याशी तिची ओळख झाली. गांधीजींनी ज्यांच्या पुस्तकाचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने लिहिला, तेच हे रस्किन. १८५५ पासून सुमारे दहा वर्षे ऑक्टाव्हियाने त्यांच्यासाठी जुन्या चित्रांच्या नकला करून दिल्या. चित्रकला तिला आवडत होती, हातही चांगला होता. पण आयुष्य यात घालवायचे नाही, हे तिच्या मनाने घेतले होते. दरम्यान वडिलांच्या दिवाळखोरीतील कर्ज फेडण्यासाठी हिल भगिनी पैसा साठवत होत्या. कायद्याने ते त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. बहिणींनी चालवलेल्या मुलींच्या शाळेच्या उत्पन्नाचाही त्याला हातभार लागला.

१८६४ मध्ये रस्किन यांचे वडील वारले आणि मुलाच्या हाती मोठी संपत्ती आली. तिचे काय करावे, असा विचार ते करत असताना ऑक्टाव्हियाने आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली. गरिबांची वस्ती असलेली काही घरे विकत घ्यावीत, ती आपण स्वतः चालवावीत आणि माणसे व घरे दोन्ही सुधारतात का, ते पाहावे. रस्किन तयार झाले. अट घातली ती एकच. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. त्या पैशाचा त्यांना लोभ नव्हता. काम दानधर्म म्हणून चालले, तर दुसरा कोणी ते करायला पुढे येणार नाही. व्यवहार म्हणून चालले, तर भांडवल आपोआप येईल, असा त्यामागे हिशेब होता. १८६५ मध्ये पॅरडाइज प्लेसमधील तीन घरांचा भाडेपट्टा ७५० पौंडांना घेण्यात आला. पुढच्या वर्षी जवळच्याच फ्रेशवॉटर प्लेसची घरेही आली. सत्तावीस वर्षांची ऑक्टाव्हिया आता घरमालकीण झाली होती, निदान कारभारापुरती.

येथून पुढे तिला ऑक्टाव्हियाबाई म्हणणेच योग्य.

बाईंची पद्धत कागदावर फार साधी दिसते. भाडे दर आठवड्याला स्वतः जाऊन गोळा करायचे आणि थकबाकी अजिबात चालू द्यायची नाही. त्या काळातील सामान्य घरमालकाचा धंदा नेमका उलट चाले. तो भाडे बुडणार, हे गृहीत धरूनच ते चढे ठेवी, दुरुस्तीला पैसा घालत नसे आणि भाडेकरूही मग जिन्याचे कठडे उपटून जळणाला वापरत. दोघेही घराचा विध्वंस करत होते आणि दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. ऑक्टाव्हियाबाईंनी आपल्या लेखात एका ठिकाणची नोंद केली आहे. तेथील १९२ काचांपैकी फक्त आठ शाबूत होत्या.

बाईंनी आधी मोऱ्या मोकळ्या केल्या, पाण्याची सोय केली, कचरा उचलला. हे घरमालकाचे कर्तव्य, त्यासाठी भाडेकरूच्या चांगुलपणाची वाट पाहायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पण खिडक्या, रंगसफेदी, कपाटे यांसारख्या गोष्टी एकदम करून द्यायला त्यांनी नकार दिला. येथेच त्यांच्या व्यवस्थेची खरी गोम आहे. प्रत्येक घराच्या डागडुजीसाठी वर्षाची एक ठरावीक रक्कम बाजूला काढली जाई. मोडतोड कमी झाली आणि पैसे उरले, तर ते मालकाच्या खिशात जात नसत. त्यातून काय करून हवे, ते भाडेकरूंनी सांगायचे. कोणाला भिंतीला नवा कागद हवा असे, कोणाला धुण्याच्या जागेची सुधारणा. एखाद्या पोराने काच फोडली, तर त्याचा खर्च कुठून जाणार, हे आता शेजारच्या बाईलाही ठाऊक असे. घर जपण्यात राहणाऱ्याचा रोकडा फायदा आहे, हे कोणत्याही प्रवचनाशिवाय लोकांना कळले.

सामाईक जिने आणि बोळ घासण्याचे काम त्या घरांतील मोठ्या मुलींना मजुरी देऊन करायला लावले. दुरुस्तीची किरकोळ कामे हंगाम मंदावला, की बेकार झालेल्या भाडेकरूंसाठी राखून ठेवली जात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने दुसरी खोली घ्यावी, म्हणून तिचे भाडे परवडेल असे ठेवले. पोटभाडेकरू कोंबून गर्दी करायला बंदी होती. भाडे घ्यायला गेले, की मोरीकडे, छपराकडे, खिडकीकडे नजर टाकायची, विचारपूस करायची, गळती वेळीच थांबवायची. आज ज्याला नियमित देखभाल म्हणतात, ती हीच. घर पडून नवे बांधण्यापेक्षा असलेले टिकवणे स्वस्त आणि माणसांच्या सोयीचे, असे त्यांचे मत होते. वस्ती पाडली, की तिथली माणसे जातात कुठे, हा प्रश्न त्या आवर्जून विचारत. उत्तर त्यांना माहीत होते. ती शेजारच्या वस्तीत जातात आणि तिथली गर्दी वाढवतात. बांधकामाच्या साहित्याचा, ऊर्जेचा हिशेब तेव्हा कोणी मांडत नव्हते. तो आज मांडला, तरी बाईंच्या बाजूनेच झुकेल.

फ्रेशवॉटर प्लेसमध्ये घरांच्या मधोमध एक उघडी, घाणीने भरलेली जागा होती. हुशार धंदेवाल्याने तेथे आणखी चार खोल्या उठवल्या असत्या. बाईंनी ती साफ करून मुलांसाठी मैदान केले. तेथे झाडे लावली. त्यांच्या मैत्रिणी येऊन मुलांना खेळ शिकवत. वसंतात तेथे मे महिन्याचा सण साजरा होऊ लागला. पाच टक्के परतावा सांभाळून हे झाले, हे महत्त्वाचे. लोकांना हवा, प्रकाश आणि थोडी हिरवळ देणे ही चैन नसून घराच्या खर्चातली नेहमीची बाब आहे, हे रस्किन यांच्या जमाखर्चाच्या वहीतच सिद्ध झाले.

कामाचा बोलबाला झाला. इतर श्रीमंतांनी आपली घरे बाईंच्या हवाली केली. १८७४ पर्यंत अशा पंधरा वसाहती आणि सुमारे तीन हजार भाडेकरू त्यांच्या देखरेखीखाली आले. एकटीने इतकी दारे ठोठावणे अशक्य होते. म्हणून त्यांनी बायका तयार केल्या. भाडे घेणे, हिशेब लिहिणे, गवंड्याकडून काम करून घेणे, आरोग्य खात्याचे नियम समजून घेणे आणि यातले काहीही करताना उपकाराचा आव न आणणे, हे सगळे त्या शिकवत. शिकून तयार झालेल्यांत हेन्रिएटा बार्नेट होत्या. त्यांनी पुढे १९०७ मध्ये हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या बागांच्या उपनगराची उभारणी सुरू केली. एमा कॉन्स होत्या. त्यांनी दक्षिण लंडनमध्ये कामगारांसाठी घरे बांधली आणि ओल्ड विक हे नाट्यगृहही लोकांसाठी चालवले. १८७२ पासून ऑक्टाव्हियाबाई दरवर्षी या सहकाऱ्यांना एक छापील पत्र पाठवत. वर्षाचा हिशेब, फसलेल्या गोष्टी, नव्या जागा, सगळे त्यात असे. १८७५ मध्ये त्यांच्या लेखांचे ‘होम्स ऑफ द लंडन पुअर’ हे पुस्तक निघाले.

त्याच वर्षी त्या एक लढाई हरल्या आणि त्या पराभवाने त्यांच्या कामाचा रोख बदलला. उत्तर लंडनमधील स्विस कॉटेजच्या शेतजमिनी बांधकामासाठी जाणार होत्या. मेरिलबोनच्या वस्तीतून पायी पोचता येईल, असे ते सर्वांत जवळचे मोकळे रान. जमीन विकत घेऊन लोकांसाठी राखावी, म्हणून बाईंनी निधी जमवायला सुरुवात केली. पैसाही येऊ लागला. अखेर मालकांनीच व्यवहाराला नकार दिला आणि तेथे घरे उठली. एका चाळीचे अंगण राखून भागत नाही, शहराच्या मोकळ्या जागा राखल्या पाहिजेत, हे त्यांना या वेळी उमगले. शहरातील माणसाला चार प्रकारच्या मोकळ्या जागा लागतात, अशी मांडणी त्यांनी केली. बसायला, खेळायला, फेरफटका मारायला आणि एखादा अख्खा दिवस घालवायला. यातील पहिली घराच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर हवी, कारण थकलेली बाई आणि लहान मूल लांब जाऊ शकत नाही. नगररचनेच्या जाडजूड ग्रंथांतून नंतर आलेल्या पुष्कळ गोष्टी या एवढ्यात आल्या आहेत. शहराभोवतीच्या ‘हरितपट्ट्या’ची कल्पना आणि तो शब्द रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचे नाव घेतले जाते.

१८७६ मध्ये त्यांची बहीण मिरांडा हिने कर्ल सोसायटी ही संस्था काढली. गरीब वस्तीत रंग, संगीत, फुले आणि बागा नेणे हे तिचे काम. ऑक्टाव्हियाबाईंनी तिच्यात मोकळ्या जागांचा विभाग उभा केला. लंडनमधील कितीतरी जुनी दफनभूमी त्या काळी वापरातून गेलेली, कुलूप ठोकून ठेवलेली होती. दाट वस्तीच्या ऐन मध्यात असलेल्या या जागा बागा म्हणून खुल्या कराव्यात, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. हॅम्पस्टेडजवळील पार्लमेंट हिलची माळराने १८८९ मध्ये लोकांसाठी राखली गेली. व्हॉक्सहॉलचे उद्यान १८९० मध्ये खुले झाले. या कामांत त्यांच्यासारखे अनेक जण होते, पण सभेत बोलायला, वर्तमानपत्राला पत्र लिहायला आणि देणगीदाराला न लाजता गाठायला बाई पुढे असत. कोळशाच्या धुराविरुद्धही त्या उभ्या राहिल्या. लंडनचे ते कुप्रसिद्ध पिवळे धुके घराघरातल्या चुलींतून निघत होते. कमी धूर करणाऱ्या शेगड्या आणि भट्ट्या लोकांना दाखवण्यासाठी १८८१ मध्ये साउथ केन्सिंग्टनमध्ये जे प्रदर्शन भरले, त्याच्या खटपटीत कर्ल सोसायटीचा वाटा होता. कायदा व्हायला पुढे पाऊणशे वर्षे गेली, हा भाग वेगळा.

मधली काही वर्षे वाईट गेली. रस्किन यांच्या एका आदर्श योजनेच्या व्यवहार्यतेबद्दल बाईंनी कोणाकडे तरी शंका बोलून दाखवली. ते रस्किन यांच्या कानी गेले. त्यांनी दोघांमधला पत्रव्यवहार १८७८ मध्ये आपल्या नियतकालिकात छापून टाकला. गुरूने केलेली ही जाहीर मानहानी होती. त्याच सुमारास ठरलेले लग्न मोडले आणि अतिश्रमाने त्या पार कोलमडल्या. घरांचा कारभार सहकाऱ्यांवर सोपवून त्यांना दीर्घकाळ परदेशी राहावे लागले. त्या प्रवासात हॅरियट यॉर्क ही मैत्रीण सोबत आली, ती अखेरपर्यंत. आश्चर्य म्हणजे बाई नसतानाही घरांचे काम अडले नाही. व्यवस्था माणसावाचून चालते की नाही, याची कसोटी लागायची ती अशीच लागते.

परतल्यानंतर त्यांच्या वाट्याला सर्वांत मोठे काम आले. इंग्लंडच्या चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या आयुक्त मंडळाकडे दक्षिण लंडनमध्ये पुष्कळ जुनी घरे होती. त्यांच्या अवस्थेबद्दल ओरड होत होती. १८८४ मध्ये मंडळाने सदर्क आणि डेटफर्डमधील काही घरे बाईंच्या ताब्यात दिली. डेटफर्डने त्यांना रडवले. तेथील एक रस्ता कितीही केले तरी वळणावर येईना. सदर्कमध्ये मात्र त्यांच्या सगळ्या विचारांचे एक छोटेसे, देखणे रूप उभे राहिले.

टेम्सच्या दक्षिण काठावरील हा भाग गुदामे, कारखाने आणि रेल्वेचे पूल यांनी व्यापलेला होता. झाड दिसणे मुश्कील. तेथे जळून गेलेल्या कागद कारखान्याची एक ओसाड जागा होती. अर्धवट जळालेल्या कागदाचे थरच्या थर साचलेले. आयुक्त मंडळाकडून ही जागा नाममात्र भाड्याने मिळाली. आधी तो कचरा हलवावा लागला, मग माती आणावी लागली. १८८७ मध्ये तेथे रेड क्रॉस गार्डन ही बाग खुली झाली. फार मोठी नव्हे. पण वळणावळणाची पायवाट, हिरवळ, फुलांचे वाफे, कारंजे असलेले तळे, वादकांचा मंडप आणि पावसातही मुलांना खेळता यावे, अशी छप्पर असलेली जागा, एवढे सगळे तीत बसवले होते. फॅनी विल्किन्सन या बाईंचा तिच्या रचनेत हात होता. इंग्लंडमध्ये उद्यानरचना हा व्यवसाय म्हणून करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. बागेच्या कडेने वास्तुकार एलायजा हूल यांनी छोटी दुमजली घरे बांधली. प्रत्येकाचा दर्शनी भाग थोडा निराळा, खिडकी उघडली की समोर बाग. मोठमोठ्या इमारतींतील कामगारवस्त्या बाईंना पलटणीच्या बराकींसारख्या वाटत. गरिबालाही आपले घर दुरून ओळखता यावे, असा त्यांचा आग्रह होता.

बागेशेजारी १८८८ मध्ये सभागृह झाले. तेथे गाणी, नाटके, व्याख्याने होत. त्याच्या भिंतींवर चित्रकार वॉल्टर क्रेन यांच्या कल्पनेतून सामान्य माणसांच्या शौर्याचे प्रसंग चितारण्याचे ठरले. त्यातला एक होता अॅलिस एअर्स हिचा. जवळच्याच युनियन स्ट्रीटवर १८८५ मध्ये लागलेल्या आगीत बहिणीच्या मुलींना वाचवताना ही तरुणी मरण पावली होती. परिसरातील माणसांनी आपल्यातलीच एक मुलगी भिंतीवर पाहावी, यामागे विचार होता. बागेत फुलांची प्रदर्शने भरत आणि खिडकीतल्या कुंडीत रोप वाढवणाऱ्या भाडेकरूंचे त्यात कौतुक होई. कुंडीतले रोप जगवायचे, तर खिडकी उघडावी लागते, पाणी जपून घालावे लागते, काजळी पुसावी लागते. बाईंना हवे होते ते हेच. त्यांनी झाडाचे महत्त्व सांगणारी पत्रके वाटली नाहीत. एक कुंडी, एक स्पर्धा आणि समोर एक बाग, एवढ्यावर त्यांनी काम भागवले.

राष्ट्रीय पातळीवर त्यांचे नाव ज्या कामामुळे अमर झाले, त्याचे मूळही डेटफर्डच्या घरांजवळ सापडते. तेथील सेज कोर्ट ही जुनी बाग तिच्या वारसदाराला लोकांना द्यायची होती. पण अशी जमीन कायमची स्वीकारून सांभाळेल, अशी कोणतीही संस्था कायद्यात नव्हती. वकील रॉबर्ट हंटर यांनी मग अशी संस्थाच काढावी, असा विचार मांडला. तो दहा वर्षे भिजत पडला. अखेर पाद्री हार्डविक रॉन्स्ले हे लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यांच्या काळजीने त्यात सामील झाले आणि १२ जानेवारी १८९५ रोजी नॅशनल ट्रस्टची नोंदणी झाली. पहिली जमीन त्याच वर्षी वेल्समधील दिनास ओलाय येथे मिळाली, साडेचार एकरांची. समुद्राकडे पाहणारा कडा. १८९६ मध्ये आल्फ्रिस्टन येथील चौदाव्या शतकातले पडके घर दहा पौंडांना घेतले, तर १८९९ मध्ये केंब्रिजशायरच्या विकन फेन या पाणथळ प्रदेशाचा पहिला तुकडा ट्रस्टकडे आला. कीटकशास्त्रज्ञांखेरीज त्या दलदलीत तेव्हा फारसे कोणाला काही दिसत नव्हते. १९०७ च्या कायद्याने ट्रस्टच्या जमिनी अहस्तांतरणीय ठरवता येऊ लागल्या. चाळीतले अंगण न विकण्याचा बाईंचा हट्ट आता संसदेने मान्य केला होता. आज ट्रस्टचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत.

इथवर वाचून बाईंची मूर्ती करून कोनाड्यात बसवावी, असे कोणाला वाटेल. तसे करू नये. त्यांची शिस्त कठोर होती. भाडे थकले की नोटीस, आणि नोटिशीनंतरही थकले तर घर खाली. ज्यांची मजुरीच बेभरवशाची, अशा सर्वांत तळच्या माणसांना त्या व्यवस्थेत टिकाव धरता येत नसे. बाईंनी सुधारलेल्या घरांतून बाहेर पडलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले, याची वही कोणी ठेवली नाही. नगरपालिकेने घरे बांधावीत, याला त्यांचा विरोध होता. सरकारी वृद्धापकाळ वेतन त्यांना मान्य नव्हते. गरिबांना फुकट काही दिले, की त्यांचा स्वाभिमान जातो, अशी त्यांची पक्की समजूत होती. १९०५ मध्ये नेमलेल्या गरीब कायदा आयोगाच्या त्या सभासद होत्या आणि तेथेही या मतावरून त्या हलल्या नाहीत. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे शेकडो स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभ्या करणाऱ्या या बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला. राजकारणापेक्षा हातातले काम मोठे, असे त्यांना वाटे. काळाने या सर्व मुद्द्यांवर त्यांच्याविरुद्ध कौल दिला. लाखो लोकांच्या घरांचा प्रश्न खासगी पाच टक्क्यांतून सुटण्याजोगा नव्हताच. पण सरकारने आणि नगरपालिकांनी घरे बांधल्यावर त्यांची निगा राखण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा उत्तरासाठी लोक पुन्हा त्यांच्याच वहीकडे वळले.

शेवटच्या दशकातही हात थांबले नव्हते. वॉलवर्थ येथे चर्चच्या जमिनीवरील जुने भाडेपट्टे संपले. ती जमीन बिल्डरांना परत देऊन मोकळे होण्यापेक्षा मंडळाने स्वतःच छोटी घरे बांधावीत, मुलांसाठी मैदान ठेवावे आणि कारभार प्रशिक्षित स्त्रियांकडे द्यावा, हे त्यांनी पटवून दिले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी प्रार्थनेला ज्या मोजक्या स्त्रियांना केवळ स्वतःच्या कामासाठी निमंत्रण मिळाले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबरोबर बाईंचे नाव होते. १८९८ मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून सार्जंट या नामांकित चित्रकाराकडून त्यांचे तैलचित्र काढून घेतले. ठेंगणी, स्थूल बांध्याची, साध्या पोशाखातली आणि समोरच्याकडे हसऱ्या ठामपणे पाहणारी बाई त्यात दिसते. भाडे चुकवायचे धाडस होऊ नये, अशीच ती नजर आहे.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी मेरिलबोन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन व्हावे, अशी सूचना पुढे आली होती. कुटुंबाने ती नाकारली आणि केंटमधील क्रॉकहॅम हिल या खेड्यात, बहीण मिरांडाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. तेथून जवळच त्यांचे गावाकडचे घर होते आणि त्यांच्या खटपटीने राखलेल्या टेकड्याही. १९१६ मध्ये त्यांच्या पद्धतीने काम करणाऱ्या स्त्रियांनी आपली संघटना स्थापन केली. गृहव्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून ब्रिटनमध्ये उभा राहिला, त्याचा एक धागा तेथवर जातो. त्याआधीच, १८९६ मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फियात त्यांच्या नावाने संस्था निघाली होती. हॉलंडमध्येही त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या योहाना तेर म्यूलेन यांनी अॅम्स्टरडॅममध्ये हीच पद्धत नेली.

सदर्कच्या त्या बागेचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याकडे दुर्लक्ष झाले. तळे नाहीसे झाले, वाफे गेले, उरले ते सपाट गवत आणि डांबर. २००५ मध्ये स्थानिक विश्वस्त संस्थेने जुने नकाशे आणि छायाचित्रे शोधून ती मूळ आराखड्यानुसार पुन्हा उभी केली. तळे परत आले. बागेच्या कडेची घरे तेवढी मधल्या काळातही हलली नव्हती. त्यांच्या खिडक्यांत आजही माणसे राहतात आणि बागेचे फाटक सकाळी सगळ्यांसाठी उघडते.